वर्ध्याचे जमनालालजी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी कोणी पाककृती दिल्या, कोणी ओव्या दिल्या. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मी कै. जमनालाल बजाज यांच्याविषयी लिहायचे ठरविले. बजाज चौकातून आपण नेहमी जातो-येतो. पण त्या माणसाने हे गाव कसे पालटले, हे मुलांना सांगायला बसले तर दोन वाक्यांपुढे आपली गाडी जात नाही.

आपले वर्धा शहर फार जुने नव्हे. इ. स. १८६२ साली जिल्हा वेगळा झाला तेव्हा मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली ते पालकवाडीच्या जागी आले आणि सरळ, रुंद रस्ते आखून नवे शहर वसविले गेले. आखणी चांगलीच होती. पण कचेरी, रेल्वे, कापूस आणि सावकारी यांवर चालणारी ती पेठ. तशी गावे वऱ्हाड-नागपुराकडे आणखीही होती. परगावच्या माणसाने मुद्दाम इकडे यावे असे येथे काही नव्हते.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे धनिक शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या बदल्यात आईबापांनी पैसा घेतला नाही, गावासाठी विहीर मात्र बांधून घेतली, असे सांगतात. शाळा थोडीच झाली. सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबा रागावले, पैशावरून टाकून बोलले. तेव्हा तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, असे लिहून देऊन हा मुलगा घराबाहेर पडला. समजूत घालून त्याला परत आणावे लागले. त्याच साली, १९०७ मध्ये, आजोबा वारले आणि सारा कारभार अंगावर पडला. धंदा त्यांनी वाढविला, सरकारने रायबहादूर केले. १९२० च्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे आपला पाचवा मुलगा म्हणून स्वीकार करण्याची मागणी केली, आणि पुढच्या वर्षी रायबहादुरीही परत करून टाकली.

येथून वर्ध्याचे पालटणे सुरू होते. जमनालालजींची रीत मला फार आवडते. आधी माणूस शोधायचा, त्याला आग्रहाने आणायचे, मग स्वतःची जागा मोकळी करून द्यायची. आज इमारत आधी उठते आणि मग तिच्यात बसायला माणूस शोधतात! १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा आले आणि येथला सत्याग्रहाश्रम सुरू झाला. १९३४ साली ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग, बंगल्यासकट, दिली, तीच मगनवाडी. तेथे कुमारप्पा येऊन बसले आणि घाणी, चाळण्या, हातकागद यांचे प्रयोग सुरू झाले. मगन संग्रहालय १९३८ चे. मुलींसाठी महिलाश्रम झाला. महारोग्यांसाठी १९३६ साली दत्तपूर झाले, तेथे मनोहर दिवाण राहिले. पवनारचा धाम नदीवरचा बंगला १९३८ साली विनोबांना मिळाला. सेगावची मालगुजारी बरीचशी जमनालालजींचीच होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे राहायला गेले, आणि १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. टपाल शेगावला जाऊन पडे, हेही नाव बदलण्याचे एक कारण! शहराभोवती हे सारे असे उभे राहिले, की ठरवून नकाशा काढला असता तरी याहून बरा निघाला नसता.

पण जागा दिली की लोक बदलतात, असे नव्हे. मगनवाडीजवळच्या सिंदी वस्तीत १९३५ साली मीराबेन, महादेवभाई यांच्यासारखी माणसे रोज सकाळी बादल्या-फावडी घेऊन मैला उचलायला जात. पुष्कळ दिवस गेले तरी लोक बसायचे तेथेच बसत, आणि हे उचलीत. मला हा भाग वाचून संताप आला, आणि मग आपल्या गल्लीतील कचऱ्याचा कोपरा आठवला.

सर्वांत कठीण काम लक्ष्मीनारायण मंदिराचे होते. हे बच्छराजांनी बांधलेले घरचे देऊळ. ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडायचे म्हणजे जातीतील माणसे दुरावणार, सोयरीक अडणार, घरात रोज कुरबूर होणार. ज्यांच्या घरात मुलांची लग्ने व्हायची आहेत, त्यांना हे समजेल. जमनालालजींनी विश्वस्तांची समजूत घातली, घाई केली नाही, पण मागेही हटले नाहीत. १९२८ च्या जुलैमध्ये दार उघडले. त्यांनी आपल्या विहिरीही खुल्या केल्या. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा त्या एका दाराने वर्ध्याचे नाव देशभर केले, असे मला वाटते.

या सर्वांत जानकीदेवींचे नाव मागे पडते. लहान वयात लग्न होऊन आलेल्या, पडद्यात वाढलेल्या. त्यांनी अंगावरचे सोने उतरविले, पडदा सोडला, विलायती कापड जाळले. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला होत आणि बजाजवाडी पाहुण्यांनी भरून जाई. एक पाहुणा जास्त आला तर पुन्हा कणीक भिजविताना आपल्या कपाळाला आठी पडते. तेथे तर वर्षानुवर्षे पंगती उठत होत्या. त्या घरच्या स्वयंपाकघराचा हिशेब कोणी लिहून ठेवावयास हवा होता.

शेवटचे काही महिने जमनालालजींनी गोसेवेला वाहून घेतले आणि नालवाडीजवळ गोपुरीला झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते एकाएकी गेले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. जानकीदेवींनी स्वतःचा पैसा गोसेवेला देऊन टाकला, संघाचे अध्यक्षपद घेतले आणि पुढे भूदानात विनोबांबरोबर पायी हिंडल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ साली त्या वारल्या. गोपुरीला १९८० साली गीताई मंदिर झाले. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उघड्यावर उभ्या केलेल्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरले आहेत. मंडळाची सहल निघाली तर सकाळच्या वेळी तेथे जावे. दुपारी दगड फार तापतात.