नवऱ्याचा खुबा कुरकुरायचा, बायको वैतागायची. त्याच आवाजातून जगाला कृत्रिम सांधा मिळाला

मुरबाड, शहापूरकडे जून-जुलैत गेलात की एक दृश्य हमखास दिसतं. गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकून आवणी करणाऱ्या बायका. सकाळी वाकल्या की जेवायलाच सरळ होतात. तेव्हा सगळ्यात जास्त वळतो तो खुब्याचा सांधा. पाठ दुखते म्हणून आपण पाठीबद्दल बोलतो, खुब्याकडे मात्र तो बिघडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्या आजीचा बिघडला. पडवीत पाय घसरला, खुबा मोडला आणि शेवटी तिथे कृत्रिम सांधा बसवला. तिच्या एक्स-रेमध्ये एक पांढरा गोळा आणि खाली मांडीच्या हाडात गेलेला दांडा दिसत होता. ही भानगड पहिल्यांदा नीट जमवली कुणी, हे शोधताना जॉन चार्नली सापडले.

पण आधी सांध्याचं थोडं समजून घेऊ.

दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. सगळेच सांधे हलत नाहीत. कवटीची हाडं मोठ्या माणसात शिवण घातल्यासारखी घट्ट असतात. मणके थोडे थोडे हलतात, कारण मध्ये चकत्या असतात. मोकळेपणाने हलणारे म्हणजे कोपर (दाराच्या बिजागरीसारखं, एकाच दिशेने), मान (खुंट्यावर फिरल्यासारखी) आणि खांदा व खुबा. या शेवटच्या दोघांत वाटीत गोळा बसवलेला असतो, म्हणून ते सगळीकडे फिरतात. सुश्रुताने शरीरातले २१० सांधे मोजून त्यांचे आठ प्रकार केले होते. खुबा त्याने उलूखल प्रकारात टाकला, म्हणजे आपलं घरातलं उखळ. इतकी चपखल उपमा नंतर कुणाला सुचली असेल असं मला वाटत नाही.

या उखळात हाडावर हाड घासत नाही. दोन्हीकडे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि भोवतीच्या पिशवीत चिकट वंगण. कूर्चा झिजली की हाडाला हाड लागतं आणि माणूस रात्री कूस बदलतानाही कण्हतो.

चार्नली जन्मले २९ ऑगस्ट १९११ ला, इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बरी या गावात. वडील औषधविक्रेते, आई नर्स. मँचेस्टरला डॉक्टर झाले आणि पंचविशीतच सर्जनची मोठी परीक्षा पास झाले. मग दुसरं महायुद्ध. डंकर्कची माघार त्यांनी पाहिली. पुढे कैरोमध्ये जखमी सैनिकांसाठी उपकरणं बनवणाऱ्या वर्कशॉपशी संबंध आला. माणूस हाताचा कारागीर, लेथ मशीन दिसलं की रमणारा. स्वतःवर प्रयोग करायचीही सवय. एकदा हाडाचं कलम कसं जुळतं ते बघायला स्वतःच्या नडगीचा तुकडा काढून परत बसवून घेतला. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि चांगलंच दुखणं मागे लागलं.

आता तो कुरकुरणारा खुबा. १९५० च्या दशकात खुब्याचा झिजलेला गोळा काढून प्लॅस्टिकचा बसवायची पद्धत होती. वाटी रुग्णाचीच राहायची. असा एक पेशंट चार्नलींकडे आला. जरा पुढे वाकला की खुबा कुरकुर वाजायचा आणि घरात बायको वैतागायची. दुसरा डॉक्टर हसून विसरला असता. चार्नलींना कळलं की आवाज म्हणजे घर्षण. गोळा वाटीत अडकतोय, त्यामुळे हाडातला दांडा पिळला जाऊन सैल होणार.

मग त्यांनी नैसर्गिक सांध्यातलं घर्षण मोजलं. ते बर्फावर बर्फ घसरण्याहूनही कमी निघालं. त्यांनी निष्कर्ष काढला की करामत नुसत्या वंगणाची नाही, पृष्ठभागच निसरडा हवा. शिवाय गोळा लहान करायचा. बैलगाडीचं चाक मोठं पण आस बारीक असतो, म्हणून ते सहज फिरतं. तोच हिशोब. त्यांचा धातूचा गोळा जेमतेम २२ मिलीमीटरचा होता. त्याचा दांडा दातांच्या डॉक्टरांच्या ॲक्रिलिक सिमेंटमध्ये बसवला. हे सिमेंट चिकटवत नाही, खांब रोवताना खड्ड्यात भरलेल्या काँक्रीटसारखी पोकळी भरतं.

वाटीसाठी निवडलं टेफ्लॉन, नॉनस्टिक तव्याचं. १९५८ पासून सुमारे ३०० पेशंटना त्या वाट्या बसवल्या. लोक काठ्या टाकून चालायला लागले.

आणि दोन-तीन वर्षांत सगळं कोसळलं. टेफ्लॉन भराभर झिजलं, त्याच्या कणांनी आजूबाजूची हाडं पोखरली. विचार करा, ज्यांना चालतं केलं तेच पुन्हा लंगडत दारात उभे. चार्नलींनी त्यातल्या कित्येकांची ऑपरेशनं पुन्हा स्वतः केली. टेफ्लॉनची पूडही स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. तिथे गाठी झाल्या.

१९६२ च्या मे महिन्यात त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक विक्रेता आला. तो कापडाच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी प्लॅस्टिक विकायचा. (आपल्या भिवंडीचे यंत्रमाग आठवा.) चार्नलींनी तुकड्यात नख रुतवून पाहिलं आणि वेळ घालवू नका असं सुनावून निघून गेले. पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन हट्टी होता. साहेब नसताना त्याने ते झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवलं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. ते होतं पॉलिएथिलीन. माझ्या मते या गोष्टीतला अर्धा हिरो क्रेव्हन आहे, पण त्याचं नाव फार कुणी घेत नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी पहिल्यांदा बसली. एकदा पोळलेले चार्नली यावेळी सावध होते. सांधे कुणालाही विकायचे नाहीत, आधी सर्जनने त्यांच्या रायटिंग्टन हॉस्पिटलला येऊन शिकायचं, हा नियम कित्येक वर्षं चालला. हे हॉस्पिटल म्हणजे आधीचं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम. सुरुवातीला शंभरात साताच्या आसपास पेशंटना जंतुसंसर्ग व्हायचा. त्यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली केली, सर्जनचा श्वास बाहेर खेचणारा पोशाख बनवला आणि प्रमाण एक टक्क्याखाली आणलं.

पेशंटकडे ते एक विचित्र मागणी करायचे. मेल्यावर तुमचा सांधा मला परत द्या, किती झिजला ते बघायचंय. लोक तयार व्हायचे.

१९७४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, १९७७ मध्ये सर ही पदवी. ५ ऑगस्ट १९८२ ला ते गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशोबात फारशी नव्हती. त्यांचे पेशंट खुर्चीवर बसून जेवणारे. आपल्याकडे मांडी घालायची, उकिडवं बसायचं, आणि त्यात खुबा पार टोकापर्यंत वळतो. छोटा गोळा अशा वेळी वाटीतून निसटू शकतो. नंतर मोठे गोळे आले त्यामागे हेही एक कारण आहे. तरी आजीला डॉक्टरांनी खाली बसायला बंदीच केली. आता घरात पंगत बसली की सगळे पाटावर आणि आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. वरून कुणी काय टाकलंय ते तिला बरोबर दिसतं.