सेनापती गैरहजर

२० जानेवारी १६४९. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यावरचा खटला उभा राहिला. न्यायासनावरील मंडळींची हजेरी सुरू झाली. लॉर्ड फेअरफॅक्स हे नाव पुकारले गेले, तेव्हा उत्तर आले ते वरच्या सज्जातून, तोंड झाकलेल्या एका बाईचे. आपला नवरा इथे येण्याइतका खुळा नाही, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. ती त्याची पत्नी अ‍ॅन होती.

थॉमस फेअरफॅक्स हा यॉर्कशायरचा जमीनदार. पार्लमेंटच्या फौजेचा सरसेनापती म्हणून १६४५ साली नेझबीची लढाई त्यानेच जिंकली. क्रॉमवेल तेव्हा त्याच्या हाताखाली होता. खटल्याआधीच्या एका बैठकीला तो गेला, पुन्हा फिरकला नाही. पण ज्याच्या हाती सारी फौज, त्याने नुसते घरी बसावे? राजाचे शिर उडाले ते दहा दिवसांनी. त्याने ना हातभार लावला, ना हात धरला. सेनापतिपद मात्र सोडले नाही. ते सोडले १६५० च्या जूनमध्ये, स्कॉटलंडवर आपण होऊन चाल करणे मनाला पटेना म्हणून. वय अवघे अडतीस.

मग नन अ‍ॅपलटनची गढी, बाग, पुस्तके. मुलगी मेरी हिला शिकवायला कवी अँड्र्यू मार्व्हेल होता. याच मेरीने १६५७ साली बकिंगहॅमच्या ड्यूकशी लग्न केले. जावई कट्टर राजपक्षाचा! क्रॉमवेलचा तिळपापड झाला.

क्रॉमवेल गेल्यावर सेनापतींचीच आपसात जुंपली. स्कॉटलंडमधून निघालेल्या जनरल मंकला लॅम्बर्टची फौज अडवून बसली होती. तेव्हा संधिवाताने जेरीला आलेला फेअरफॅक्स बाहेर पडला आणि १६४४ साली जिथे राजाच्या फौजेशी लढला होता, त्याच मार्स्टन मूरवर त्याने माणसे गोळा केली. लॅम्बर्टचे शिपाई जुन्या सेनापतीवर हत्यार उचलायला तयार होईनात. बरेच त्यालाच येऊन मिळाले. १६६० च्या मे महिन्यात दुसऱ्या चार्ल्सला आणायला हेगला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. राज्याभिषेकाला नव्या राजाने जो घोडा वापरला, तोही फेअरफॅक्सने दिलेला. बापाला हरवणाऱ्याच्या तबेल्यातला!

पुढची वर्षे दुखण्यात, चाकांच्या खुर्चीत गेली. १२ नोव्हेंबर १६७१ रोजी तो वारला. मागे ठेवलेल्या आठवणींत त्याने खुलासा केला आहे की, शेवटी शेवटी फौजेचे हुकूम आपल्या नावाने निघत, पण आपली संमती नसे. खरेही असेल. पण ही कैफियत छापून लोकांसमोर आली १६९९ साली, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी.