उल्केपासून घेतलेला धडा

कयाधूच्या काठी रात्री तारा तुटताना दिसला की आम्हांस अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडार्ड (१८८२–१९४५) यांचे स्मरण होते. अग्निबाण चंद्रावर पोहोचेल, या त्यांच्या विचाराचा १९२० साली एका वृत्तपत्राने उपहास केला. त्याच वर्षी त्यांनी यानाच्या परतीचाही उपाय सुचविला. वेगाने हवेत शिरणाऱ्या उल्केचा पृष्ठभाग जळतो, अंतर्भाग मात्र थंड राहतो. तद्वत् यानास सहज न वितळणाऱ्या, उष्णतारोधक थरांचे कवच असावे. कवच झिजेल, पण यान वाचेल. १९२६ साली त्यांनी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तथापि परतलेले अंतराळयान पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २००७ च्या जानेवारीत भारताचे यान उष्णतारोधक कवच धारण करून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरले. विद्यार्थिमित्रहो, उपहासाने न थांबलेल्या चिंतनाचेच हे फळ होय.