कॉलऱ्याचं विष आतड्यात शोधणारे डॉ. शंभूनाथ डे

पावसाळ्यात जुलाब सुरू झाले की घरोघरी ओआरएसची पाकिटं फोडली जातात. नुसतं पाणी न देता त्यात मीठ आणि साखर का घालायची, याचं उत्तर आतड्याच्या पेशींमध्ये आहे. कॉलरा त्या आतड्यावरच घाला घालतो, हे सिद्ध केलं कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी.

त्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच. कोलकाता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि १९४९ मध्ये लंडनहून पीएचडी घेऊन परत आले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला होता. पण तो माणसाला मारतो कसा, ते कोडंच होतं. संशोधक प्राण्यांना इंजेक्शनं देत राहिले, हाती काही लागेना. डे यांनी साधा विचार केला. रोग आतड्याचा, तर शोध आतड्यातच घ्यायला हवा. सशाच्या आतड्याचा एक तुकडा त्यांनी दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. ही गोष्ट १९५३ ची. पुढे त्यांनी जंतू गाळून काढले आणि उरलेलं पाणी तेवढं वापरलं, तरी आतडं फुगलंच. म्हणजे खरा घात जंतूने सोडलेलं विष करत होतं. १९५९ मध्ये हा शोध 'नेचर'मध्ये छापून आला.

यापुढचं कोडं इतरांनी सोडवलं. क्षार पेशीच्या पडद्यातून आपोआप आरपार जात नाहीत, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. कॉलऱ्याच्या विषामुळे क्लोराइडचं दार उघडंच राहतं. क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि सोडियममागे पाणी. आजार जोरात असला तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मात्र सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारं दार शाबूत असतं. मीठ-साखरेचं पाणी त्याच दाराने कामाला येतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं.

डे यांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचं त्यांना बोलावणं आलं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. देशातल्या कुठल्याही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले.

पुढच्या वेळी लेकराला चमच्या-चमच्याने ते पाणी पाजताना हे नाव आठवावं, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.