जालन्याच्या माळावरचा डॉक्टर

प्रकृती बिघडली की डॉक्टर जुने कागद मागतात. पूर्वी वजन किती होते, रक्तदाब किती होता, हे कळल्याशिवाय आज नेमके काय घटले ते सांगता येत नाही. जमिनीचेही तसेच आहे. जालना परिसरातील गवताळ माळांचा असा एक जुना कागद आजही वाचायला मिळतो आणि तो लिहिणारी व्यक्ती पेशाने डॉक्टरच होती. थॉमस कॅव्हरहिल जर्डन हे त्यांचे नाव. भारतातील सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. काळविटांबद्दल लिहिताना त्यांनी त्यात नोंदवले आहे की, जालन्याच्या आसपास दिसले तेवढे मोठे कळप त्यांना दुसरीकडे कुठेच दिसले नाहीत. कधी कधी हजारो जनावरे एकत्र असत आणि काळ्या नरांची संख्याही त्या मानाने असे.

पंजाबात हिस्सार येथील सरकारी गुरांच्या कुरणात आठ-दहा हजारांचे कळप दिसल्याची माहिती त्यांना एका सहकारी डॉक्टरकडून मिळाली होती. तीही त्यांनी लिहून ठेवली. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कळपांत त्यांनी पहिला मान जालन्यालाच दिला.

जर्डन यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८११ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात झाला. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकतानाच त्यांना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लागली. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना सहायक शल्यचिकित्सक म्हणून नेमले. फेब्रुवारी १८३६ मध्ये ते मद्रासला उतरले. पहिली नेमणूक गंजाम भागात होती. तिथे सैनिक ताप आणि हगवणीने बेजार झाले होते. त्यांच्यावर उपचार करता करता जर्डन पूर्व घाटातले पक्षीही टिपत होते. १८३७ मध्ये त्यांची बदली मद्रास सैन्याच्या दुसऱ्या घोडदळ पलटणीत झाली आणि या पलटणीबरोबर ते जालन्याला आले.

त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते आणि तिथे मोठी लष्करी छावणी होती. छावणीबाहेर पडले की कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांना मोकळी काळी जमीन आणि गवताळ माळ लागत. काळविटाला असाच प्रदेश लागतो. आपण त्याला सरसकट हरीण म्हणतो; पण प्राणिशास्त्रात तो चितळ-सांबरांच्या नव्हे, तर कुरंगांच्या गटात मोडतो. चितळाची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची पीळदार शिंगे जन्मभर राहतात. धोका दुरून दिसावा आणि पळायला वाव मिळावा, म्हणून तो दाट जंगल टाळतो. त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. चित्त्यासारखा पाठलाग करणारा शत्रू असलेल्या माळावर हाच वेग त्याला तारत असे.

बंदुकीपुढे मात्र वेगाचा उपयोग नव्हता. गावाच्या गायरानावर किंवा पडीक माळावर शिकार करायला फारशी आडकाठी नसे. छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिकार हा फावल्या वेळचा खेळ होता. हरणशिकारी पारधी पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पोट भरत आले होते. संस्थानिकांकडे शिकवलेले चित्ते असत. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना बैलगाडीतून कळपाजवळ नेले जाई. शिकारीसाठी गाडीच वापरण्याला कारण होते. शेतकऱ्याच्या गाडीला काळवीट बुजत नसे. पायी येणाऱ्या अनोळखी माणसाला बुजे. कोणता माणूस धोक्याचा आणि कोणता नाही, हे जनावर शिकते, याचा हा जुना पुरावा म्हणता येईल.

माणसाच्या वावराचा परिणाम केवळ मेलेल्या जनावरांच्या आकड्यावर संपत नाही, हे पुढच्या काळातील वन्यजीव अभ्यासाने स्पष्ट केले. शिकारीचा ताण वाढला की जनावरे माणसाला अधिक अंतरावरूनच पाहून पळू लागतात. रस्त्यालगतचे चांगले गवत सोडून आडबाजूला जातात. दिवसाचे चरणे रात्रीवर ढकलतात. सतत मान वर करून पाहण्यात आणि पळण्यात वेळ व शक्ती खर्च झाली की पोटात कमी जाते आणि त्याचा फटका गाभण व दूध पाजणाऱ्या माद्यांना बसतो. काळविटाची मादी बहुधा एका वेळी एकच पाडस देते. त्यामुळे झालेली घट लवकर भरून निघत नाही. त्यातच शिकाऱ्याला हवा असतो तो पूर्ण वाढलेला, काळा कुळकुळीत, लांब शिंगांचा नर. असे नर वेचून मारले की विणीच्या जागा राखणारे अनुभवी नरच कमी होतात. काळ्या नरांची संख्याही कळपाच्या मानाने भरपूर होती, ही जर्डन यांची नोंद म्हणूनच मोलाची ठरते. ज्या कळपात मोठे नर टिकून आहेत, त्यावरचा शिकारीचा ताण अजून सोसण्याजोगा आहे, असा अर्थ त्यातून काढता येतो.

जर्डन स्वतःही शिकारी होते. त्या काळात दुर्बीण आणि कॅमेऱ्याचे काम बंदूकच करी; पक्षी ओळखायचा तर आधी तो पाडावा लागे. सागर येथे नेमणूक असताना त्यांनी चित्त्याचे एक लहान पिल्लू शिकारी कुत्र्यांच्या पिल्लांबरोबर वाढवले. ते मांजरासारखे गुरगुरे, नावाने हाक मारली की ओळखे आणि जर्डन घोड्यावर निघाले की कुत्र्यासारखे मागे धावे. चिंकारे सोडून त्याला शिकारीचे धडेही दिले गेले. पाठलाग त्याला सहज जमे. पण भक्ष्याला खाली पाडून धरून ठेवणे जमत नसे. ते कसब पुरते अंगवळणी पडण्याआधीच जर्डन यांना मोहिमेवर जावे लागले आणि चित्ता दुसऱ्याकडे गेला.

जालन्यानंतर जर्डन यांच्या बदल्या होत राहिल्या. १८४१ मध्ये निलगिरीत रजेवर असताना त्यांचा विवाह फ्लोरा मॅक्लिऑड यांच्याशी झाला. त्या वनस्पतींची चित्रे काढत. पुढे नेल्लोर आणि तेल्लिचेरी येथे जर्डन नागरी शल्यचिकित्सक होते. रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात पक्षी, मासे, साप, मुंग्या यांच्या नोंदी करायच्या, असा त्यांचा क्रम होता. दक्षिण भारतातील मुंग्यांवरचा त्यांचा लेख १८५१ चा आहे. त्यात त्यांनी वर्णन केलेली उडी मारणारी एक मुंगी आज वार्धक्यावरच्या संशोधनात प्रयोगशाळेत वापरली जाते. भारतातील पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात आला आणि चार्ल्स डार्विन यांनीही आपल्या लेखनात त्याचा आधार घेतला. १८६८ मध्ये जर्डन निवृत्त झाले. आसामात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती खालावली. १८७० मध्ये ते मायदेशी परतले आणि १२ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

जालन्याच्या माळाचे पुढचे दिवस त्यांनी पाहिले नाहीत. काडतुसाच्या बंदुका आल्या आणि नेम साधणे सोपे झाले. कापसाला भाव आला तसे गवत नांगराखाली गेले. १९०० च्या सुमारास रेल्वे आली. छावणी मोडली तरी बंदुका राहिल्या आणि पुढे जीपगाड्या आल्या. चित्ता तर देशातूनच संपला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण मिळाले आणि त्याची शिकार तुरुंगवासाचा गुन्हा ठरली. त्याच्यासाठी १९८० मध्ये अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) रेहेकुरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र आहे २.१७ चौरस किलोमीटर. जर्डन यांनी पाहिलेल्या एखाद्या मोठ्या कळपाला ते चरायलाही पुरले नसते.

मराठवाड्यात आज हरणे बातमीत येतात ती बहुधा पिकांच्या नासाडीमुळे. शेतकऱ्याचे नुकसान खरेच आहे. हरभरा उगवतो न उगवतो तोच कळप शेतात उतरतो आणि रात्र राखणीत जाते. ती हरणे कुठून तरी नव्याने आलेली नाहीत. त्यांच्या चरण्याचा माळ शेतात गेला आणि उरलेल्या गायरानावर गुरांची, वस्त्यांची व अतिक्रमणांची दाटी झाली. शेतात दिसणारा कळप जास्त वाटतो, कारण तो कशातून उरला आहे हे आठवणारे कोणी राहिलेले नाही. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिले तेच मूळ प्रमाण समजते आणि त्यावरून कमी-जास्त ठरवते. गायरानाचे काय करायचे, हरणांना कुठे जागा द्यायची आणि शेतकऱ्याला भरपाई किती, हे ठरवताना निदान आधीची स्थिती ठाऊक असायला हवी. जालन्यापुरती ती एका फिरत्या डॉक्टरने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.