मनोरुग्णालयातून सुटला आणि स्वतःच्या नावानिशी सगळं लिहून मोकळा झाला

डिप्रेशनबद्दल साधी पोस्ट टाकायची तरी आज आपण दहादा विचार करतो. क्लिफर्ड बिअर्सने १९०८ साली स्वतःच्या आजारावर अख्खं पुस्तक छापलं, तेही खऱ्या नावाने.

हा गडी अमेरिकेतल्या न्यू हेवनचा, येलचा पदवीधर. भावाला फेफरं यायचं. आपल्यालाही ते येणार, या धास्तीने तो खचला आणि १९०० मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. वाचला, पण पुढची तीन वर्षं मनोरुग्णालयांत गेली.

तिथे त्याच्या मनाने घेतलं की भेटायला येणारे घरचे लोक तोतये आहेत, गुप्तहेर आहेत. मग १९०२ मध्ये त्याने भावाच्या घरच्या पत्त्यावर गुपचूप पत्र धाडलं आणि येताना तेच पत्र सोबत आणायला सांगितलं. भावाने आल्यावर पत्र काढून दाखवलं, आणि दोन वर्षांचा संशय तिथेच गळून पडला. मला ही परीक्षा सगळ्यात भारी वाटते, कारण ती कुठल्या डॉक्टरने घेतलेली नव्हती.

आजार मात्र संपला नव्हता. आता उदासीच्या जागी उन्माद आला. हातपाय बांधणं, मारहाण, कोठडी, सगळं त्याने सोसलं आणि पुढे 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ'मध्ये लिहिलं. विल्यम जेम्ससारख्या नामवंत मानसशास्त्रज्ञाने त्याला पाठिंबा दिला. १९०९ मध्ये बिअर्सने मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली, १९१३ मध्ये न्यू हेवनला क्लिनिक.

१९३९ मध्ये तो पुन्हा मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला. न्यू हेवनचं क्लिनिक आजही त्याच्या नावाने चालू आहे.