मेलबर्नचे नेव्हिल डिसोझा

मूळचे गोव्यातील आसगावचे नेव्हिल डिसोझा (१९३२–१९८०) मुंबईत टाटा, कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून सेंटर फॉरवर्ड खेळले. तेव्हा व्यावसायिक लीग नव्हती. कंपनीची नोकरी हाच खेळाडूचा आधार. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पण भारत १-४ हरला, मग कांस्यपदकही हुकले. चार गोलांसह ते स्पर्धेत संयुक्त अव्वल ठरले. आपल्या पी.टी.च्या तासाला गावसकर, कपिल कानावर पडले, नेव्हिल नाहीत. पुढच्या मेळाव्याला मुलांना आणाल, तेव्हा मैदानावर त्यांना हे नाव जरूर सांगा.